नाचता नाचता विसरले तर?

पत्र:

मावशी, नमस्कार. मी नववीत आहे. आमचं गाव गुहागर तालुक्यात, खाडीच्या काठाला. चार वर्षं कथक शिकते आहे. शनिवार-रविवार धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरते आणि पुढे एसटीने दापोलीला क्लासला जाते. त्रिपुरी पौर्णिमेला आमच्या गावच्या देवळाच्या पटांगणात क्लासचा कार्यक्रम आहे आणि ताईंनी मला १२ मिनिटं एकटीला दिली आहेत. तीनताल आहे, १६ मात्रांचा. थाट आणि आमदने सुरुवात, मग तोडे, एक परण, एक चक्करदार हे बोलांवरचे तुकडे, मग पनघटाची गत, म्हणजे पाणवठ्यावरच्या घागरीचा अभिनय, आणि शेवटी तत्कार, म्हणजे नुसतं पायांचं काम. आतापर्यंत मी मोबाईलवर वाजणाऱ्या लहऱ्याच्या चालीवर नाचत आले, या वेळी तबला आणि पेटी असणार आहे. गेल्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात मी मध्येच विसरले, तशीच उभी राहिले आणि पळत आत गेले. सगळा गाव तेव्हा होता आणि आताही असेल. आजी म्हणते, हे पाय आपटणं गावात कोणाला कळणार? ताई म्हणतात, तुझा चेहरा नाचत नाही. मी किती तास सराव करू? आणि त्याच दिवसांत पाळी आली तर?

उत्तर:

बाळा,

तुझ्या पत्रावर घटस्थापनेची तारीख आहे. घट बसल्यापासून त्रिपुरी पौर्णिमा साधारण ४५ दिवसांवर असते. हे उत्तर तुझ्या हाती येईपर्यंत ४० तरी उरतील. तेवढे पुरतात. मधे सहामाही आहे, दिवाळी आहे, आणि घरात भातकापणी असेल तर तीही आहे, हे सगळं धरून म्हणते आहे.

तू विचारलंयस किती तास, पण तुझ्या पत्राचा खरा प्रश्न मला गेल्या वर्षीच्या स्टेजवर दिसतो, म्हणून आधी तिकडे येते. विसरायला सगळेच विसरतात. मोठमोठे कलाकार विसरतात, आणि समोर बसलेल्याला ते कळतही नाही. तू आत पळालीस, कारण विसरल्यावर कुठे जायचं हे तुझ्या पायांना माहीत नव्हतं. यात तुझा दोष नाही. आपल्याकडे सराव कसा होतो बघ. पहिल्यापासून सुरू करायचं, कुठे चुकलं की थांबायचं, "परत" म्हणायचं आणि पुन्हा थाटापासून यायचं. असं शंभरदा केलं की सुरुवात घोटून घोटून गुळगुळीत होते, पण मधून आत शिरायचं एकही दार अंगाला ठाऊक होत नाही. वर चुकलं की थांबायचं, ही सवयही त्याच सरावातून लागते. स्टेजवर तू तेच केलंस.

मी १२ वर्षांची असताना एका देवळातल्या उत्सवात नाचत होते. चक्करदाराच्या, म्हणजे तीनदा घ्यायच्या तुकड्याच्या, दुसऱ्या फेरीत डोकं एकदम कोरं झालं आणि पाय थांबले. तबल्याला एक वयस्कर काका होते. त्यांनी बोल सोडून शांतपणे तालाचा साधा ठेका धरला, डग्गा, म्हणजे डाव्या हाताचा घुमणारा तबला, जरा जास्त घुमवला, माझ्याकडे बघत तोंडाने "धिं धिं धा" म्हटलं आणि मान खाली आणली. माझा उजवा पाय त्या मानेबरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडला. पुढचं मला आठवलं नाहीच. मी तत्कार केला, १६ मात्रांची दोन आवर्तनं श्वास घेतला आणि पुढच्या तुकड्यावर गेले. नंतर काकांनी जे समजावलं ते तुला जसंच्या तसं देते.

तीनतालाचा ठेका म्हण. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. नवव्या मात्रेला खाली, तिथे टाळी न देता हात मोकळा सोडायचा. दहाव्या मात्रेपासून डग्गा गप्प होतो, नुसता वरचा तबला बोलत राहतो. मग चौदाव्या मात्रेच्या "धिं"ला डग्गा परत घुमतो. तो घुमार कानावर आला की मोजायचं: १४, १५, १६ आणि सम. डोकं कितीही रिकामं झालेलं असो, डग्गा परत आला हे ऐकू येतंच, आणि तिथून सम तीन पावलांवर असते. आजपासून हे ऐकायची सवय लाव. भांडी घासताना लाव, एसटीत कानात लाव, पण ऐकताना फक्त डग्गा कधी जातो आणि कधी येतो एवढंच धर.

दुसरी खूण पेटीची. लहरा ही १६ मात्रांची छोटी चाल आहे आणि प्रत्येक आवर्तनात ती तशीच येते. ती तुला गुणगुणता आली पाहिजे. चाल पाठ असली की तिच्या कुठल्याही वळणावर तुला कळतं की आपण खालीच्या अलीकडे आहोत की पलीकडे. तुझ्या ताईंना विचार, पेटीवाले कोणता लहरा वाजवणार आहेत, आणि तोच मोबाईलवर भरून घे. गेली चार वर्षं तू ज्या लहऱ्यावर नाचलीस तो कदाचित वेगळा असेल, आणि नवी चाल स्टेजवर पहिल्यांदा ऐकायची म्हणजे अनोळखी घरात अंधारात दिव्याचं बटण शोधण्यासारखं आहे.

आता सराव. भावाला, बहिणीला, जे घरी असेल त्याला सांग की लहरा मधूनच कुठूनही सुरू कर. तू डोळे मिटून उभी राहा. सम सापडली की टाळी दे. पुढच्या समेपासून तत्कार सुरू कर, उजवा पाय आधी. हे चार दिवसांत जमेल. मग पुढचं: तू नाचत असताना त्याने मनात येईल तेव्हा टाळी वाजवायची. टाळी ऐकू आली की जे चाललंय ते सोडून द्यायचं, पण उभं राहायचं नाही. थेट तत्कारात जायचं, ता थेई थेई तत् आ थेई थेई तत्, चेहरा शांत, हात जागेवर, सम ओळखायची, एक आवर्तन पुरं करायचं आणि त्याच्या पुढच्या समेवर पुढचा तुकडा उचलायचा. सोडलेल्या तुकड्याकडे परत जायचं नाही. रोज तीन टाळ्या, कुठेही. पहिल्या आठवड्यात तुला राग येईल, रडूही येईल. दिवाळीपर्यंत असं होईल की टाळी वाजली तरी बघणाऱ्याला वाटेल हे असंच बसवलेलं आहे.

याच्या जोडीला प्रत्येक तुकडा तिहाईपासून, म्हणजे शेवटी तीनदा येऊन समेवर पडणाऱ्या बोलापासून, उलटा शिक. आधी नुसती तिहाई, मग तिच्या आधीची ओळ धरून तिहाई, मग त्याच्याही आधीपासून. तिहाईचा हिशोब कागदावर मांडता आला पाहिजे. समज, बोल पाच मात्रांचा आहे आणि दोन बोलांमध्ये एका मात्रेचा दम, म्हणजे थांबा, आहे. ५ + १ + ५ + १ + ५ म्हणजे १७. सतरावी मात्रा म्हणजेच पुढच्या आवर्तनाची सम. अशी तिहाई समेपासून उचलली तर पहिल्या बोलाचा शेवटचा "थेई" पाचव्या मात्रेवर म्हणजे दुसऱ्या टाळीवर येतो, दुसरा अकराव्यावर आणि तिसरा समेवर. तुझ्या तुकड्यांतल्या सगळ्या तिहाया अशा मांडून बघ. एकदा हिशोब कळला की तिहाई पाठ करावी लागत नाही, ती कुठे पोहोचणार हे दिसत राहतं. गणिताची वही वापरलीस तरी चालेल, सहामाहीच्या दिवसांत आई काही बोलणार नाही.

फेरीबोटीत पढंत कर, म्हणजे नाचाचे बोल तोंडाने म्हण. खाडी पार होईपर्यंतचा वेळ हा तुझा रोजच्या सरावाइतकाच मोलाचा आहे. हाताने टाळी-खाली देत, आवाज काढून, इंजिनाच्या घरघरीच्या वर ऐकू जाईल असं म्हण. लोक बघतील, बघू देत. जो बोल तोंडातून अडखळत येतो तो पायातून सरळ येत नाही. तुझा चेहरा नाचत नाही असं ताई म्हणतात त्याचं निम्मं कारण मला वाटतं इथेच आहे. तू मनात मात्रा मोजत असणार. मोजणाऱ्या माणसाच्या भुवया आपोआप जवळ येतात आणि ओठ आवळले जातात. मोजणं तोंडातून पायांत उतरेपर्यंत चेहरा मोकळा होत नाही, आणि "हस, हस" म्हणून तर मुळीच होत नाही.

उरलेलं निम्मं कारण पनघटाच्या गतीत सापडेल. अभिनयदर्पण या नृत्यावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथातला श्लोक तुला क्लासमध्ये सांगितला असेल: यतो हस्तस्ततो दृष्टिः, यतो दृष्टिस्ततो मनः. जिथे हात तिथे नजर, जिथे नजर तिथे मन. पुढे मनामागून भाव आणि भावामागून रस येतो. म्हणजे चेहरा हा चौथा-पाचवा येणारा आहे. त्याची काळजी आधी करायची नाही, आधी घागर खरी करायची. तुम्हा क्लासमधल्या मुलींना पनघट हा दुसऱ्या कुठल्या मुलखातला शब्द वाटतो. पण तुझ्या वाडीत विहीर असेल. सकाळी तिथे जाऊन बस आणि नुसतं बघ. रिकामी कळशी नेणारी बाई कशी चालते आणि भरलेली आणणारी कशी चालते. कमरेवर भरलेली कळशी असली की अंग पलीकडे झुकतं, मोकळा हात थोडा लांब धरला जातो, पावलं लहान होतात. बोलायला कोणी हाक मारली तर ती मान वळवते, खांदे वळवत नाही. पाणी ओढताना दोरावर हात एकामागे एक येतात आणि घागर काठाशी आली की एक क्षण श्वास धरला जातो. मग तू स्वतः कळशी भरून घरी आण. चार-पाच दिवस खरंच आण. पाण्याचं ओझं खांद्याला आणि कमरेला एकदा कळलं की गतीत तुझा हात रिकामा असला तरी नजर त्या पाण्यावर राहील, आणि कृष्णाने खडा मारून घागर फोडली की अंगावर पाणी सांडल्यासारखी तू दचकशील. तेव्हा ताई काय म्हणतात ते मला कळव.

तबलजींशी पहिली गाठ कार्यक्रमाच्या दिवशी पडता कामा नये. निदान दोन तालमी त्यांच्याबरोबर व्हाव्यात म्हणून ताईंना गळ घाल, आणि एकच मिळणार असेल तर तयारीने जा. सगळे बोल क्रमाने एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिही, परण आणि चक्करदार मात्रा पाडून लिही, एक प्रत त्यांना दे. आधी पढंत करून दाखव, मग नाच. मोबाईलचा लहरा तुझी वाट बघत नाही आणि तुला सांभाळूनही घेत नाही. माणूस दोन्ही करतो, पण त्यासाठी तू त्याच्याकडे बघितलं पाहिजेस. समेवर आल्यावर एक नजर तबल्याकडे, हे तालमीतच ठरवून घे. आणि लय. स्टेजवर छाती धडधडत असते, त्यामुळे नेहमीची लय संथ वाटते आणि मुली हाताने "वाढवा" अशी खूण करून बसतात. पुढे तत्काराच्या चौगुनीत, म्हणजे चौपट लयीत, त्याचा हिशोब चुकता करावा लागतो. लहऱ्याच्या अ‍ॅपवर लयीचा आकडा दिसतो. ज्या आकड्यावर तुझी चौगुन स्वच्छ वाजते तो लिहून ठेव, तबलजींना तेवढीच लय दे, आणि त्या दिवशी ती कितीही सावकाश वाटली तरी हात हलवू नकोस.

पटांगणाबद्दल मला काळजी आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. आपल्याकडची देवळांची पटांगणं जांभ्याची नाहीतर फरशीची. दगडावर तत्कार घोटलास तर नडगी आणि गुडघे दुखायला लागतील. घरीही कोब्यावर रोज जोरात पाय मारू नकोस. अर्धा सराव हलक्या पायाने कर, आवाजापेक्षा पाय सपाट पडतोय ना ते बघ. कार्यक्रमाला लाकडी फळ्यांचा किंवा प्लायचा मंच हवा, म्हणजे पायाला थोडी लवचीकता मिळते आणि घुंगरांखालचा पायाचा नादही उमटतो. मंडळाची माणसं प्रेमाने त्यावर सतरंजी किंवा हिरवं जाजम अंथरतात. त्यांना नम्रपणे सांगायचं की नाचाच्या वेळी ते काढा. तू चक्कर डाव्या टाचेवर घेतेस, जाजमात टाच अडकते आणि घोटा मुरगळतो. फळ्यांतले खिळे वर आलेत का ते आदल्या दिवशी हाताने चाचपून बघ. त्रिपुरीच्या सुमारास संध्याकाळनंतर दव पडतं, उघड्या मंचावर तो ओलावा डोळ्यांना दिसत नाही. तुझ्या आधी कोणीतरी कोरड्या फडक्याने मंच पुसला पाहिजे. हे काम वडिलांना सांग, ते विसरणार नाहीत. तळपायाला आलता लावणार असशील तर दुपारीच लाव, पुरता वाळू दे.

चक्कर घेताना नजर एका ठिकाणी ठेवायची आणि मान सर्वांत शेवटी सोडून सर्वांत आधी परत आणायची, हे तुला येतच असेल. क्लासमध्ये समोर भिंत असते. पटांगणात समोर काळोख, डोळ्यांवर दिवे, मग नजर ठरवायची कुठे? तुमच्या देवळापुढे दीपमाळ असेल तर त्या रात्री ती पेटलेली असणार. मंच असा मांडता येतो का बघा की ती तुझ्या समोर येईल. आदल्या संध्याकाळी तिथे उभी राहून दहा-बारा चक्कर घेऊन बघ.

माईकवाल्यांना एकच मागणी: एक छोटा स्पीकर मंचाकडे तोंड करून. मोठे कर्णे गावाकडे वळलेले असतात, नाचणारीला लहरा उशिरा आणि घुमून ऐकू येतो. वरच्या सगळ्या खुणा तुला ऐकू आल्या तरच उपयोगाच्या.

आता आजी. गावाला काही कळणार नाही असं त्यांना वाटतं, मला तसं वाटत नाही. तुमच्या गावात नमन होतं, जाखडी होते. पायात चाळ बांधून तालावर पाय टाकणारी माणसं तुमच्याच आळीत राहतात. आणि भजनी मंडळात पखवाज असतोच. तुझ्या परणीचे बोल पखवाजातूनच आलेत. परण नाचण्याआधी माईकवर पढंत कर, "तकिटतका धुमकिटतका गदिगन धा" अशी ओळ स्पष्ट म्हण आणि पुढे बसलेल्या पखवाजवाल्या बुवांकडे बघ. त्यांची मान हलेल, आणि त्यांच्या मागची माणसं त्यांच्याकडे बघून ऐकायला लागतील. त्याआधी घरी एकदा आजीला बसवून पढंत ऐकव. पायाशी घुंगरू नकोत, नाच नको, नुसते बोल. घरंदाज मुलींनी नाचावं का, असंही त्यांच्या मनात असेल तर त्यांना एवढं सांग की कथकच्या गुरू रोहिणीताई भाटे यांनी पुण्यात नृत्यभारती ही संस्था १९४७ साली सुरू केली, आणि तेव्हापासून मराठी घरातल्या किती मुली कथक शिकत आल्या आहेत.

तासांचं म्हणशील तर शाळेच्या दिवशी एक तास, सुट्टीत दोन, त्यातही मधे बसून पाणी प्यायचं. परीक्षेच्या आठवड्यात फक्त अर्धा तास पढंत. कापणीला गेलीस त्या दिवशी तत्कार नाही, वाकून वाकून पाय आणि कंबर आधीच थकलेली असते. पाडव्यानंतरचे पंधरा दिवस सलग १२ मिनिटं, न थांबता, रोज एकदा. त्यातल्या दोन वेळा पूर्ण पोशाखात. अंगरख्याचा घेर चक्करला अंग ओढतो आणि वेणी तोंडावर येते, ते आधी कळलेलं बरं. ओढणी पिनांनी घट्ट लाव. अबोलीचा गजरा हवा तर माळ, पण क्लिपांनी बसव. नवं क्रीम, नवी पावडर त्या दिवशी चेहऱ्याला लावू नकोस.

पाळीचं तू अगदी शेवटी, बारीक अक्षरात लिहिलंयस. ती पुढे ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीकडून किंवा दुकानातून आणून घेऊ नकोस, डॉक्टरांनी तपासल्याशिवाय त्या घ्यायच्या नसतात. पाळीत नाचता येतं. पोट फार दुखत असेल तर थाट आणि गत तशीच ठेवून चौगुन कमी करता येते, तबलजींना फक्त "दुगुनीवर संपवू" एवढं सांगायचं. देवळाचा प्रश्न येईल असं वाटत असेल तर आई आणि ताईंशी आजच बोल, त्या दिवशी सकाळी नको. मंच पटांगणात आहे. माझं मत विचारशील तर पाळी आली म्हणून मुलीने नाचू नये असं मला वाटत नाही, आणि तुझ्या आईने विचारलं तर त्यांनाही मी हेच सांगेन.

घुंगरू आत्ताच काढून बघ. खाऱ्या हवेत पितळेवर हिरवट थर येतो आणि त्याआधी दोरी कुजते. प्रत्येक घुंगराची गाठ ओढून बघ, शंका वाटली तर नवी दोरी घालून पुन्हा ओवून घे. मंचावर सुटून पडलेलं एक घुंगरू पायाखाली आलं तर चक्करमध्ये फार लागतं. बांधताना घोट्याच्या हाडाच्या वरून सुरुवात कर, शेवटची गाठ आत खोच, आणि बांधून झाल्यावर दहा मिनिटं चालून बघ. त्या दिवशी दुपारी मऊ भात किंवा पेज, नाचायच्या तीन तास आधी. मधे कोकम सरबताचे दोन घोट. तळलेलं काही नको, प्रसादाचे वडे नंतर खा.

कार्यक्रम झाल्यावर मला पुन्हा लिही. किती टाळ्या पडल्या ते नको. कुठल्या तुकड्यात चुकलीस आणि किती आवर्तनांत समेवर आलीस, ते लिही.

तुझी
मावशी